सात पाण्यांचं बी

कॉलेजातल्या नोकरीसाठी सांडू गव्हाणेला विचारलं, "काय काय येतं तुला?" तेव्हा तो म्हणाला, "बी रुजवता येतं."

समोर बसलेले तिघंही हसले. त्यातले एक म्हणाले, "अरे, बी काय, मातीत टाकलं की रुजतंच."

"नाय सायेब. टाकलं की सडतं. रुजवावं लागतं."

एवढ्या उत्तरावर तो औरंगाबादच्या त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हमाल म्हणून लागला. साल एकोणीसशे साठ. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी कॉलेजातले जुने कारकून अजून रजेला रुखसतच म्हणत.

सांडू सोयगावकडचा. बाप लहानपणीच गेला, चुलत्यांनी वाटणीत माळरानाचा तुकडा दिला. त्यात काही पिकत नव्हतं. पण त्याची आई मनकर्णाबाई गावात मान राखून होती, ती बियांमुळं. पेरणीच्या आधी बायका तिच्याकडं मूठ मूठ बी घेऊन यायच्या. ती शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळायची, चुलीच्या उबेला ठेवायची आणि चौथ्या दिवशी फडकं उघडून सांगायची, "हे पेर. हे नको पेरू, निम्मं मेलंय." तिचा शब्द कधी खोटा पडला नाही. सांडूच्या हाताला जे वळण होतं ते तिचं.

प्रयोगशाळेत त्याला बी धुवायचं काम मिळालं. काचेच्या बशीत ओल्या कागदावर दाणे रुजत घालायचे, तर आधी त्यांच्यावरची बुरशी मारावी लागते. त्यासाठी एक पांढरी भुकटी पाण्यात विरघळवून ठेवलेली असे. सर लोक तिला मर्क्युरिक क्लोराइड म्हणत. जुन्या हमालानं पहिल्याच दिवशी तिचं घरचं नाव सांगितलं, "हे रसकापूर. पोटात गेलं तर वैद्यसुद्धा हात टेकतो." दाणे त्यात तीन मिनिटं बुडवायचे आणि मग स्वच्छ पाण्यानं पाच वेळा धुवायचे, असा नियम होता. सांडू सात वेळा धुवायचा. शंभरातले पंच्याण्णव दाणे रुजायचे. दुसऱ्या कॉलेजातले लोक येऊन विचारायचे, तुमच्याकडं बी कोण धुतं?

अडुसष्ट साली वैजनाथ धर्माधिकारी नावाचे तरुण प्राध्यापक रुजू झाले. पैठणचे. आजोबांपर्यंत घरात भिक्षुकी होती, वडील कचेरीत, आणि हे डॉक्टरेट करायला निघालेले. विषय गव्हाच्या रोपाचा. ते सांडूला अरेतुरे करत नसत. सांडूभाऊ म्हणत, आणि काम कशासाठी आहे ते समजावल्याशिवाय सांगत नसत. आठ वर्षांत हे कुणी केलं नव्हतं.

एकदा त्यांनी बन्सी गव्हाचा दाणा ब्लेडनं आडवा कापला.

"हे बघा. ह्या टोकाला अंकुर आहे, म्हणजे बाळ. ह्या टोकाला नुसतं पीठ. बाळाची शिदोरी. आता बाळ नसलेला तुकडाच तेवढा ओल्या कागदावर ठेवा."

सांडूनं तसे वीस तुकडे ठेवले. तीन दिवसांनी बघितलं तर आतलं पीठ जसंच्या तसं. आयोडीनचा थेंब टाकल्यावर काळंनिळं पडलं. शेजारच्या बशीत तसलेच तुकडे होते, पण त्यांच्या पाण्यात सरांनी एका छोट्या बाटलीतलं औषध घातलं होतं. ते तुकडे दाबल्यावर दुधासारखा चीक निघाला. आयोडीन टाकलं तरी निळेपणा जेमतेम.

"बाळ नाय, तरी पीठ इतळलं?" सांडू चकित झाला. "त्या औषधात काय व्हतं सर?"

"निरोप होता. अंकुर जागा झाला की तो एक रस सोडतो. आम्ही त्याला संप्रेरक म्हणतो. दाण्याच्या सालीखाली पेशींचा पातळ थर असतो, तिथं हा निरोप पोचला की तो थर विकर तयार करतो. विकर पिठाची साखर करतं आणि त्या साखरेवर कोंब वाढतो, हिरवं पान फुटेपर्यंत. इथं अंकुर नव्हता, म्हणून निरोप मी दिला."

"अन् साखर लई झाली तर?"

वैजनाथ खूश झाले. "हाच माझा प्रश्न आहे. साखर साचली की तीच उलटं सांगते, पुरे. विकर कमी होतं. आणि पाण्याचा ताण बसला की रोप आणखी एक वेगळा रस सोडतं. तो पहिल्याला अडवतो. म्हणतो, थांब, आत्ता वाढलास तर मरशील. किती साखर, कुठला रस, आणि त्यानं विकर किती वाढतं किंवा घटतं, एवढंच मला मोजायचंय."

आई आता गाव सोडून सांडूजवळच राहत होती; घरी येऊन त्यानं तिला हे सगळं सांगितलं. मनकर्णाबाई ऐकून म्हणाली, "तुझ्या सायबाला म्हणावं, त्येला नाव तुम्ही दिलं. बी तर आधीपासनं शहाणंच हाय."

बहात्तरचा पाऊस आलाच नाही. त्याच्या आधीचं सालही कोरडंच गेलं होतं. दिवाळीपर्यंत विहिरींचे तळ दिसले. पदमपुऱ्यात सांडूच्या खोलीपुढं टँकर यायचा, तो कधी रोज, कधी तिसऱ्या दिवशी. बाजारात ज्वारी दिसेना. रेशनवर लाल मिलो मिळायचा, परदेशातून आलेला, त्याची भाकरी विटेसारखी. बायको भागूबाई हर्सूलच्या पुढं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. सात वर्षांची साळू आजीजवळ राहायची.

म्हातारीला मिलो सोसला नाही. तोंडात दात नव्हते. भाकरी पाण्यात कुस्करून दिली तरी पोट बिघडायचं. संक्रांतीच्या सुमारास तिनं खाणंच सोडलं. "मला भूक नाय," म्हणायची, आणि साळूच्या ताटलीकडं बघायची नाही.

प्रयोगाला घेण्याआधी गहू निवडावा लागे. मोडके, किडके, सुरकुतलेले दाणे बाजूला काढून टाकून द्यायचे. सांडूनं ते टाकले नाहीत. खिशातून घरी नेले. भागूबाईनं ते भरडले, कण्या शिजवून चिमूटभर मीठ घातलं. म्हातारीनं वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि बऱ्याच दिवसांनी साळूला गोष्ट सांगितली.

पंधरवड्यात बाजूला काढलेले दाणे संपले. मग सांडूचा हात चांगल्या गव्हाच्या डब्यात गेला. एक दिवसाआड एक मूठ. मागितला असता तर सरांनी दिला असता, हे त्याला ठाऊक होतं. पण मागायचं म्हणजे माझी आई उपाशी आहे हे तोंडानं बोलायचं, आणि सोयगावच्या गव्हाण्यांनी ते कधी कुणापुढं बोललं नव्हतं.

मार्चमध्ये एका सकाळी वैजनाथ डबा उघडून उभे राहिले.

"सांडूभाऊ, हा इतका खाली कसा गेला? हे शुद्ध बी आहे. एवढ्यावर माझं वर्ष निघायचंय."

सांडू बशा पुसत होता. त्यानं मान वर केली नाही. "उंदरं, सर. लई झालीत. बाहेर दाना नाय, मग आत येतेत."

"झाकण उघडतात?"

"ढिलं हाय झाकण."

वैजनाथांनी लगेच विश्वास ठेवला. त्याचाच सांडूला जास्त त्रास झाला.

त्याच आठवड्यात चुलत्याचा निरोप आला. बैल उठेनात, जनावरांच्या छावणीत न्यायला माणूस पाहिजे. सांडू चार दिवसांची रजा टाकून गावाकडं गेला. दोन बैलांपैकी एक वाटेतच बसला, तो उठला नाही. सोमवारी सांडू कामावर परत आला तेव्हा वैजनाथ पुण्याला गेले होते, तिथल्या एका यंत्रावर काही मोजमापं करायला.

गव्हाचा डबा जाग्यावर होता. आत पाव डबा गहू. बाहेर इंग्रजीत लिहिलेली नवी चिठ्ठी डकवलेली. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक डब्यावर, बाटलीवर इंग्रजी चिठ्ठी असायचीच. सांडूला इंग्रजी आकडे ओळखता यायचे, अक्षरं नाही. बाटल्या तो जागेवरून आणि रंगावरून ओळखायचा. चार दिवस म्हातारीच्या पोटात काही गेलं नसणार, ह्या विचारानं त्यानं दोन मुठी घेतल्या. दाण्यांवर थोडी पांढरट झाक होती. त्याला वाटलं, भुकटा असंल.

घरी दोन दिवस टँकर आला नव्हता. भागूबाईनं गहू तांब्याभर पाण्यात एकदाच खळबळला, भरडला आणि शिजवला. सांडूनं आणि तिनं मिलोची भाकरी खाल्ली. कण्या म्हातारीला.

दोन घास खाऊन मनकर्णाबाई म्हणाली, "सांडू, कण्या तांब्यागत लागत्यात."

"पातेल्याची कल्हई गेली असंल, आई. खा तू."

ती खात राहिली. साळूनं वाटीत बोट घालून चाटलं आणि तोंड वाकडं करून थुंकलं. आजी हसली. बाकीच्या कण्या तिनं संपवल्या, कारण पोरानं आणल्या होत्या.

घटकाभरात तिच्या घशात आग सुरू झाली. मग उलट्या, मग जुलाब, आणि जुलाबात रक्त. साळूचीही जीभ आली, दिवसभर तिच्या पोटात कळा येत राहिल्या, पण ती निभावली. म्हातारीला दुसऱ्या दिवशी बाजेवर घालून दवाखान्यात नेलं. तिथं जमिनीवरही जागा नव्हती. वाईट पाणी पिऊन आजारी पडलेली माणसं गावोगावहून आली होती. डॉक्टरांनी म्हातारीलाही त्यातलीच समजून सलाइन लावलं.

बुधवारी सकाळी सांडू रजा वाढवून मागायला कॉलेजात गेला. वैजनाथ पुण्याहून आले होते, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ आणि उत्साह दोन्ही.

"सांडूभाऊ, बरं झालं आलात. उंदीर मेलेले सापडले का कुठं?"

"कुठले उंदीर, सर?"

"अहो, तुम्ही गावाला गेला होता तेव्हा बंदोबस्त केला मी. चांगलं बी माझ्या कपाटात कुलपात ठेवलं. त्या डब्यात रसकापुरात भिजवून वाळवलेला गहू आहे. लावलीय चिठ्ठी. तरी तुम्हाला तोंडी सांगायचं राहिलंच, पुण्याची गाडी होती ना. हात नका लावू त्याला."

सांडूनं वळून डब्यावरच्या चिठ्ठीकडं बघितलं. वैजनाथांनी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, आई आजारी हाय. ते म्हणाले, मग जा, इथलं मी बघतो.

कॉलेजपासून दवाखाना फार लांब नव्हता. डॉक्टरांचं दार उघडं होतं. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्याच्या आधी दुसरं वाक्य होतं, की गहू मी चोरला. त्याच्यामागं पोलीस होते, नोकरी होती आणि सरांचं नाव होतं. सांडू दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाखाली बसला. दुपार झाली. भागूबाई येऊन म्हणाली, लघवी होईना म्हातारीला. तरी तो उठला नाही.

संध्याकाळी तो आईजवळ गेला. तिचे ओठ फुटले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "गहू कुठनं आणायचास रे?"

"सरांनी दिला."

"चांगला मानूस," ती म्हणाली. "त्येच्या लेकराबाळांचं भलं होऊ दे."

गुरुवारी सकाळी डॉक्टर फेरीला आले तेव्हा सांडूनं त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी त्याला धरून उभं केलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"काल."

"मग काल का नाही बोललात?"

"भ्यालो, सायेब."

पाऱ्याच्या विषावर एक इंजेक्शन असतं. ते दवाखान्यात नव्हतं. शहरात शोधून एका दुकानात मिळालं, ते दुपारी टोचलं. पण मूत्रपिंडं आदल्या दिवशीच बंद पडली होती. शनिवारी दुपारी, टँकरची वेळ म्हणून भागूबाई घरी गेली होती तेव्हा, मनकर्णाबाई गेली. सांडूनं डॉक्टरांना एकच विचारलं, एक दिवस आधी दिलं असतं तर? डॉक्टर माणूस खरा होता. म्हणाला, "सांगता येत नाही." ह्या तीन शब्दांनी सांडूला पुढं कधी धड झोपू दिलं नाही की धड रडू दिलं नाही.

पोलिसांनी जबाब घेतला. सांडूनं सांगितलं, गहू उंदरांसाठी ठेवला व्हता, चिठ्ठी व्हती, मला वाचता येत नाय. कुणी ठेवला, ह्यावर तो म्हणाला, ठाऊक नाय. प्रकरण अपघात म्हणून मिटलं, पण कॉलेजनं चोरीसाठी त्याला कामावरून बंद केलं. वैजनाथ धर्माधिकारी अंत्यविधीला आले नाहीत, दहाव्यालाही आले नाहीत, आणि कॉलेजात त्यांनी तोंड उघडलं नाही.

सांडू भागूबाईबरोबर खडी फोडायला जाऊ लागला. मे महिन्यात एक दिवस वैजनाथ सायकल हातात धरून रस्त्याच्या कडेला उभे दिसले. धुळीनं कपडे पांढरे झालेले. मुकादमाला काहीतरी सांगून ते सांडूच्या ढिगाऱ्यापर्यंत आले आणि उकिडवे बसले.

"मी भ्यालो," ते म्हणाले.

"व्हय. मीबी."

"एकदा म्हणाला असतात सांडूभाऊ, आईला पाहिजे म्हणून. पोतंभर गहू पैठणहून आणून दिला असता मी."

सांडूनं हातोडा खाली ठेवला. "तेच तर म्हाईत व्हतं, सर. म्हणून तर म्हनलो नाय. तुम्ही उंदीर मारायला निघालात. उंदीर मीच व्हतो, पर मेली ती."

वैजनाथ रडायला लागले. शेजारच्या बाया दगड फोडायच्या थांबल्या आणि बघू लागल्या, तेव्हा भागूबाईच म्हणाली, "सायेब, उठा. मुकादम आमची हजेरी कापील."

दुसऱ्या दिवशी वैजनाथ प्राचार्यांकडं गेले आणि विष आपण ठेवलं, तोंडी सांगितलं नाही, असं लेखी दिलं. त्यांना ताकीद मिळाली. पाऊस लागल्यावर सांडूला परत कामावर घेतलं.

पण बी धुवायला बसल्यावर त्याचे हात थांबेनात. सात पाणी झाली की आठवं, आठवं झालं की नववं. दाणे फुगून साल सुटेपर्यंत तो धूत राही. एकदा वैजनाथांनी त्याचं मनगट धरलं. "सांडूभाऊ, पुरे. गुदमरेल ते." बशांमधली उगवण शंभराला साठावर आली. एके काळी ज्याच्यासाठी लोक लांबून यायचे ते बी आता कधी कधी कुजू लागलं. शेवटी बी धुवायचं काम दुसऱ्याकडं दिलं आणि सांडूकडं काचा घासणं आलं. त्यानं तक्रार केली नाही. ग्रंथालयातल्या एका कारकुनाकडून तो इंग्रजी अक्षरं शिकला, चाळिशीला आल्यावर, पाटीवर.

शहात्तर साली वैजनाथांचा प्रबंध पूर्ण झाला. साखर वाढली की विकर किती उतरतं, निरोपाचा रस दिला की किती चढतं, कोरड पडली की कोंब कुठल्या दिवशी थांबतो, सगळ्याचे आलेख त्यात होते. पुण्याला मोठी जागा मिळाली होती, ते औरंगाबाद सोडणार होते. निघायच्या आधी त्यांनी सांडूला बोलावून पहिलं पान दाखवलं. आभार होते. सांडूनं बोट ठेवून एकेक अक्षर लावलं, आणि स्वतःचं नाव वाचलं.

"आईचं नाव टाकायला पायजे व्हतं, सर," तो म्हणाला.

"कशासाठी म्हणून टाकलं असतं, सांडूभाऊ?"

बी तिनं शिकवलं म्हणून, की तिच्या पोटात ते गेलं म्हणून, हे सांडूला सांगता आलं नाही. त्यानं प्रबंध मिटून परत दिला आणि पुस्तकांच्या पेट्या टांग्यात चढवायला गेला.

भागूबाईनं त्याला कधी शब्दानं टोचलं नाही. पण दुष्काळाच्या त्या वर्षापासून घरात दाणा आणायचं काम तिनं त्याच्याकडून काढून घेतलं. रेशन तीच आणायची, निवडायची तीच, धुवायची तीच. सांडू पिशवी उचलायला पुढं झाला तर ती न बोलता पिशवी दुसऱ्या हातात घ्यायची. नव्वद साली भागूबाईला लकवा मारला, उजवा हात गेला. तेव्हा साळू फर्दापूरला सासरी होती. महिन्यातून एकदा एसटीनं येऊन ती धान्य भरून जायची. सांडू त्या दिवशी सकाळपासून उंबऱ्यात बसून असायचा. साळू गोणी ओढत आली की उठून वाट द्यायचा.

एकदा ती म्हणाली, "बाबा, हात तरी लावा, लई जड हाय."

आतून भागूबाईचा अडखळता आवाज आला, "नको. तू आन."

सांडू परत उंबऱ्यात बसला.